‘हात गेला’ म्हणण्याआधी

पूल, स्नूकर किंवा बिलियर्ड्स खेळणारी माणसे पासष्टीच्या आसपास एक वाक्य बोलू लागतात : ‘आता आपला हात गेला.’ हाताला काहीच झालेले नसते. पूर्वी सहज पॉकेटमध्ये उतरणारा चेंडू आता कडेला थडकून परत येऊ लागलेला असतो, इतकेच. समोरच्या तरुण खेळाडूने दोन-तीनदा समजूतदारपणे मान हलवली, घरी कुणी ‘या वयात हवेत कशाला ते क्लबचे उद्योग’ असे म्हटले, की क्यू पिशवीत जातो आणि पिशवी कपाटाच्या मागे. काही महिन्यांनी हाच माणूस आमच्यासारख्या डॉक्टरांकडे वेगळ्याच तक्रारी घेऊन येतो. झोप लागत नाही, जेवणावर वासना नाही, तिन्हीसांजेला जीव घाबरा होतो. तपासण्या बहुधा ठीक येतात. ‘संध्याकाळी पाच ते सात आपण पूर्वी काय करीत होता?’ असे विचारल्यावर ती कपाटामागची पिशवी बाहेर येते.

आपण हा खेळ खेळत आला असाल, किंवा खेळणाऱ्या वडिलांची, सासऱ्यांची, पतीची काळजी आपण घेत असाल, तर मला एवढेच सांगावयाचे आहे की ‘हात गेला’ हे निदान नव्हे, ते लक्षण आहे. कुणाला ताप आला तर आपण ‘वय झाले’ असे म्हणून स्वस्थ बसत नाही. नेम चुकू लागला तरीही बसू नये. पुष्कळदा त्यामागे चष्मा, मोतीबिंदू, मान, गुडघा, कंप किंवा एखादे औषध सापडते, आणि यांतील बऱ्याच गोष्टींवर काही ना काही तोड असते. ज्यांनी क्यू कधी हातात धरलेला नाही, पण निवृत्तीनंतर नवे काही शिकावे अशी ज्यांना हौस आहे, त्यांच्यासाठीही पुढे मजकूर आहे.

दोष भिंगाचा, बोल हाताला

इंग्लंडच्या फ्रेड डेव्हिस यांची हकिगत या संदर्भात मला मोलाची वाटते. त्यांचे थोरले बंधू जो डेव्हिस १९२७ ते १९४६ या काळात स्नूकरचे अजिंक्य जगज्जेते होते. फ्रेड मात्र १९३७ साली, ऐन तेविशीत, जागतिक स्पर्धेत एका फारशा नावाजलेल्या नसलेल्या खेळाडूकडून हरले. हात चांगला होता, दूरचे दिसत नव्हते. पुढे त्यांनी भिंगे वरखाली कलती करता येतील असा खास चष्मा बनवून घेतला आणि १९४८ साली स्वतः जगज्जेते झाले. गोष्ट येथे संपत नाही. १९७८ साली, वयाच्या ६४ व्या वर्षी, हे गृहस्थ जागतिक स्नूकर स्पर्धेच्या उपांत्य फेरीत होते, आणि १९८० साली बिलियर्ड्सचे व्यावसायिक जगज्जेतेपद त्यांनी मिळविले. ऐंशीच्या घरात येईपर्यंत ते स्पर्धांत उतरत राहिले. अखेर त्यांना थांबविले ते गुडघ्याच्या संधिवाताने.

दुसरे उदाहरण डेनिस टेलर यांचे. १९८५ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या डावातील शेवटच्या काळ्या चेंडूवर त्यांनी स्टीव्ह डेव्हिस यांना १८-१७ असे हरविले. तो सामना पाहिलेल्यांना त्यांचा चष्माही आठवत असेल : भली मोठी भिंगे, उलटी बसविल्यासारखी, भुवयांच्याही वर गेलेली. लोक हसले, परंतु त्या आकारामागे शास्त्र होते. जॅक कार्नेम या स्वतः बिलियर्ड्स खेळणाऱ्या जाणकाराने तो चष्मा घडविला होता.

हे शास्त्र आपण घरच्या घरी पडताळून पाहू शकता. उभे राहून समोर पाहताना नजर भिंगाच्या मध्यातून जाते. आता जेवणाच्या टेबलावर, क्यू धरल्याप्रमाणे, ओणवे व्हावे आणि पलीकडच्या कडेला ठेवलेल्या लिंबाकडे पाहावे. चेहरा खाली झुकलेला, नजर मात्र समोर. त्यामुळे आपण भिंगाच्या अगदी वरच्या कडेतून किंवा फ्रेमच्या वरून, म्हणजे चष्म्याविनाच, पाहत असतो. लिंबू भिंगाच्या मध्यात आणायचे तर मान मागे मोडावी लागते. मानेच्या मणक्यांची झीज असलेल्या माणसाला ते दोन मिनिटांहून अधिक सोसत नाही. आणि ओणवे होणे टाळून उभ्याउभ्या खेळू लागलो, तर दुहेरी चष्म्याचा खालचा, वाचण्याचा भाग नजरेच्या आड येतो आणि लांबचा चेंडू पुसट होतो. ‘प्रोग्रेसिव्ह’ भिंगांची आणखी एक खोड आहे : त्यांच्या बाजूंना सरळ रेषा किंचित वाकडी दिसते. ज्या खेळाचा सारा आधार सरळ रेषेवर, त्यात हे भिंग घालून उतरायचे आणि दोष हाताला द्यायचा, हा हातावर अन्याय आहे.

यावर उपाय म्हणजे खेळापुरता वेगळा चष्मा. तो एकाच नंबरचा असावा, भिंगे उभट व मोठी असावीत आणि फ्रेम नाकावर उंच बसणारी असावी. चष्मा करावयास देताना आपण अंतरे सांगावीत. वाकल्यावर डोळ्यापासून पांढरा चेंडू साधारण एक मीटरवर असतो आणि पलीकडचे पॉकेट अडीच-तीन मीटरवर. वाचण्याचा नंबर येथे निरुपयोगी, आणि निव्वळ दूरचाच नंबर प्रत्येकाला सोयीचा पडेल असेही नाही. फ्रेम निवडताना दुकानातल्या काउंटरवर ओणवे होऊन पाहण्याचा संकोच करू नये. दुकानदार चकित होईल, होऊ द्यावा.

मोतीबिंदूची चाहूल या टेबलावर कधी कधी दवाखान्याच्याही आधी लागते. पूलच्या चेंडूंत चार क्रमांकाचा जांभळा असतो आणि आठ क्रमांकाचा काळा. डोळ्यातील नैसर्गिक भिंग पिवळसर, गढूळ होऊ लागले की निळा-जांभळा गट काळपट दिसू लागतो. ‘एट-बॉल’ या प्रकारात आपल्या गटाचे सातही चेंडू संपण्याआधी काळा पॉकेटमध्ये घालविला तर डाव तिथेच हरतो. तेव्हा जांभळा समजून काळ्यावर नेम धरणाऱ्या आजोबांची थट्टा न करता त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. टेबलावरचे दिवे डोळ्यांत खुपतात, चेंडूभोवती वलय दिसते, या तक्रारीही त्याच दिशेने बोट दाखवितात. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा वाकून खेळण्यास केव्हा सुरुवात करावी हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे. काचबिंदू असलेल्यांनीही हा प्रश्न आवर्जून विचारावा, कारण डोके खाली गेले की डोळ्यातील दाब वाढतो.

कॅरमवाल्यांना अर्धा खेळ येतोच

हा खेळ साहेबाचा, श्रीमंतांचा, किंवा अलीकडच्या समजुतीप्रमाणे कॉलेज बुडविणाऱ्या पोरांचा, असे मानून आपण दूर राहिला असाल, तर थोडा इतिहास सांगतो. स्नूकरचा जन्मच आपल्याकडचा : १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने तो रचला असे मानले जाते. भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारातील पहिले जगज्जेतेपद मिळवून देणारे विल्सन जोन्स हे १९२२ साली पुण्यात जन्मले. १९५८ साली कलकत्त्यात त्यांनी हौशी बिलियर्ड्सचा जागतिक किताब जिंकला आणि १९६४ साली पुन्हा एकदा. मुंबईचे मायकेल फरेरा त्यानंतरचे. पंकज अडवाणी यांचा जन्मही पुण्याचाच.

आणि कॅरम तर आपल्या घराघरांत आहे. ज्याने उन्हाळ्याच्या सुट्ट्या कॅरमवर काढल्या, त्याला कट म्हणजे काय, रिबाउंड कसा घ्यावा, पुढच्या सोंगटीसाठी स्ट्रायकर कुठे थांबवावा, हे शिकवावे लागत नाही. कोनांची ती समज बोटांत नव्हे, मेंदूत असते आणि ती पूलच्या टेबलावर जशीच्या तशी उपयोगी पडते. फरक टिचकी आणि फटक्यातला, तो शिकता येतो. उलट उतारवयात एक गोष्ट पूलच्या बाजूची आहे. गुडघे धरलेल्या माणसाला कॅरमसाठी मांडी घालून बसवत नाही, बसला तर उठवत नाही. पूल उभ्याने खेळायचा असतो.

सुरुवातीला स्नूकरऐवजी पूलच निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. स्नूकरचे पूर्ण टेबल बारा फुटी असते, चेंडू ५२.५ मिलिमीटर व्यासाचा आणि पॉकेट कंजूष. पूलचा चेंडू ५७ मिलिमीटरचा, टेबल नऊ फुटी किंवा त्याहून लहान, आणि कोपऱ्यातील पॉकेट चेंडूच्या जवळजवळ दुप्पट रुंद. साठीनंतर यश लवकर मिळालेले बरे. तोटा एकच : पूलचे टेबल स्नूकरच्या टेबलापेक्षा काही इंचांनी ठेंगणे असते, त्यामुळे उंच माणसाला अधिक वाकावे लागते. त्याची तोड पुढे सांगतो.

पांढऱ्या चेंडूची तपासणी

टेबल मोकळे असेल तेव्हा आपण एकट्याने एक साधा प्रयोग करावा. मला तो रुग्ण तपासण्याइतका उपयुक्त वाटतो. रंगीत चेंडू बाजूला ठेवावेत. पांढरा चेंडू टेबलाच्या मधल्या रेषेवर ठेवून सरळ समोरच्या कुशनकडे मारावा. तो आपटून परत यावा आणि क्यूच्या टोकाला येऊन टेकावा. असे दहा वेळा करावे आणि चेंडू कुठे परत येतो ते कुणाला तरी टिपून ठेवावयास सांगावे. दहाही वेळा तो एकाच बाजूला, समजा उजवीकडे, येत असेल तर हात एकसारखा चालतो आहे. चुकते आहे ते पाहणे किंवा उभे राहणे. आधी चष्मा आणि पायांची जागा तपासावी. कधी उजवीकडे, कधी डावीकडे असा विखुरलेला येत असेल तर पकड, कोपर किंवा कंप यांकडे लक्ष द्यावे. हे काही रक्ताच्या तपासणीसारखे पक्के प्रमाण नव्हे; पण ‘हात गेला’ या सरसकट निकालापेक्षा खूप नेमके आहे.

पाहण्याचा विचार करताना आपला प्रबळ डोळा कोणता हेही समजून घ्यावे. दोन्ही डोळे उघडे ठेवून हात लांब करावा आणि अंगठ्याने भिंतीवरच्या घड्याळाचा काटा झाकावा. मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने पाहताना अंगठा घड्याळावरच राहतो तो आपला प्रबळ डोळा. क्यू त्या डोळ्याच्या खाली, किंवा निदान त्याच्या बाजूला थोडा सरकलेला असला, तर रेषा खरी दिसण्याची शक्यता वाढते. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्याची व्हायची आहे, अशा मधल्या काळात पुष्कळांचा नेम बिघडतो तो याच कारणाने. दुसरी शस्त्रक्रिया होईतो धीर धरावा.

आता हात. मराठीत ‘पूल’ म्हटले की नदीवरचा आठवतो. आणि गंमत अशी की क्यूच्या पुढच्या टोकाला आधार देणाऱ्या हाताच्या रचनेला खेळाडू ‘ब्रिज’ म्हणतात. या खेळात दोन पूल आहेत आणि दुसरा पक्का असल्याखेरीज पहिला खेळता येत नाही. तरुण खेळाडू तर्जनी व अंगठ्याचे कडे करून त्यातून क्यू सरकवितात. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल तर ते कडे करू नये. तळवा टेबलावर टेकावा, बोटे पसरावीत, अंगठा किंचित वर उचलून तर्जनीला चिकटवावा आणि त्या खोबणीतून क्यू चालवावा. हा उघडा ब्रिज अनेक नामवंत खेळाडूही वापरतात. तो कमी प्रतीचा नव्हे.

मागच्या हाताची पकड सैल असावी. देवपूजेला निघताना फुलांची परडी जितक्या हलक्या हाताने धरतो, तितकीच. चेंडू जोरात मारायचा असला तरी मूठ आवळू नये. कोपर एका जागी ठेवून, जुन्या घड्याळाच्या लंबकासारखा केवळ पुढचा हात हलवावा. दोन-तीन वेळा नुसता झोका घ्यावा, क्षणभर थांबावे आणि मग क्यू पांढऱ्या चेंडूतून आरपार जाणार आहे अशा बेताने पुढे न्यावा. चेंडूला टोचून क्यू मागे ओढणे ही नवशिक्यांची सवय मोडण्यास महिना-दोन महिने लागतात, घाई करू नये.

नेमाचे गणित थोडे लक्षात ठेवले तर फार उपयोगी पडते. पांढरा चेंडू रंगीत चेंडूला ज्या क्षणी भिडतो, त्या क्षणी तो कुठे असला पाहिजे याचे चित्र मनात उभे करावे : पॉकेटपासून रंगीत चेंडूच्या मध्यातून रेषा मागे ओढली, तर त्याच रेषेवर, रंगीत चेंडूला पाठीमागून चिकटून. त्या काल्पनिक चेंडूच्या मध्यावर नेम धरावा, दिसणाऱ्या चेंडूवर नव्हे. क्यूची रेषा रंगीत चेंडूच्या बरोबर कडेतून जात असेल, म्हणजे तो अर्धा झाकला जात असेल, तर तो मूळ दिशेपासून ३० अंशांनी वळून जातो. हा एक कोन हाताखाली पक्का बसला की बाकीचे त्याच्या मानाने ‘थोडे जाड’ किंवा ‘थोडे बारीक’ असे जमू लागतात.

जोराबद्दल एकच सांगणे. मंद जाणारा चेंडू पॉकेटच्या कडेला लागूनही आत घरंगळतो, वेगात गेलेला तिथून उसळून बाहेर येतो. हळू खेळणाऱ्याला पॉकेट मोठे मिळते. येथे आपले वय आपल्या बाजूचे आहे. आणि खरी गोडी तर त्याही पुढे आहे : हा चेंडू घालविल्यावर पांढरा कुठे थांबेल आणि पुढचा कोणता सोपा होईल. पांढऱ्याच्या मध्याच्या वर मारले तर तो पुढे चालत राहतो, खाली मारले तर मागे येतो, आणि मध्याच्या थोडे खाली बेताने मारले तर सरळ नेमात जागीच थबकतो. हे तीन फटके आले की माणूस नुसते चेंडू घालविणे सोडून डाव रचू लागतो. सत्तरीचा शांत माणूस विशीच्या जोरकस मुलाला हरवितो तो याच ठिकाणी. नातवंडांबरोबर बरोबरीने खेळता येतील असे खेळ फार थोडे आहेत, आणि हा त्यांतला एक आहे.

वाकणे, उठणे आणि तोल

प्रशिक्षक सांगतात, फटका मारल्यावर चेंडू थांबेपर्यंत डोके वर करू नका. डॉक्टर म्हणून मीही हेच सांगेन, कारण वेगळे. रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची काही औषधे घेणाऱ्यांना ओणव्यातून झटकन सरळ झाले की डोळ्यांपुढे अंधारी येते. चेंडू थांबेतो खाली राहावे, मग हात टेबलाच्या कडेवर ठेवून सावकाश उठावे, आणि दोन श्वास घेऊन पाऊल उचलावे. खेळ आणि प्रकृती दोन्ही सांभाळल्या जातात. मान वाकविताच खोली फिरल्यासारखी वाटत असेल तर ती तक्रार वेगळी. तिच्यावर उपचार आहेत, आणि ते झाल्याखेरीज टेबलाजवळ जाऊ नये.

हनुवटी क्यूला टेकेपर्यंत वाकण्याचा जो आदर्श चित्रांत दिसतो, तो आपण सोडून द्यावा. जुन्या काळचे बिलियर्ड्सपटू बरेच उभे राहून खेळत. पाय खांद्याइतके रुंद ठेवावेत, पुढचा गुडघा किंचित सैल, आणि वाकणे कमरेच्या सांध्यातून. पाठीचा कणा गोल करून नव्हे. हाडे ठिसूळ झाली आहेत, मणका पूर्वी दबलेला आहे, अशा भगिनींनी व बंधूंनी हा नियम विशेष पाळावा. थोडे उभे राहिल्याने नेमात काही अंशी घट होते हे खरे, पण दीड तास खेळता येणे हे पंधरा मिनिटे अचूक खेळण्यापेक्षा मला अधिक मोलाचे वाटते.

चेंडू लांब असेल तर टेबलावर आडवे पडून, एक पाय हवेत ठेवून मारण्याचा मोह टाळावा. नियमानुसार एक पाय जमिनीवर असला म्हणजे पुरते. आपण दोन्ही ठेवावेत आणि ‘रेस्ट’, म्हणजे पुढे फुली लावलेली आधाराची काठी, मागून घ्यावी. पुष्कळांना रेस्ट घेणे कमीपणाचे वाटते. हा अभिमान खुब्याच्या हाडाच्या किमतीत फार महाग पडतो. पक्षाघाताने एक हात दुबळा झालेल्यांनाही रेस्टच्या आधाराने एकाच हाताने खेळता येते. चाकांच्या खुर्चीवरून खेळणाऱ्यांच्या तर आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात.

टेबलाची एक फेरी दहा-बारा मीटरची होते, तासाभरात अशा अनेक होतात. ही हालचाल चांगली, परंतु तिने सकाळचे चालणे भागत नाही. मधुमेहींनी पावलांना मुंग्या किंवा बधिरता असेल तर चपलेऐवजी टाच धरणारे, न घसरणारे बूट घालावेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ टाळून खेळू नये; हात थरथरू लागले, घाम फुटला तर डाव पूर्ण करीत बसू नये, साखर घ्यावी.

हाताच्या थरथरीविषयी

कंप दोन तऱ्हांचे अधिक आढळतात. कप उचलताना, क्यू धरताना, सही करताना हात कापतो आणि मांडीवर ठेवला की शांत होतो, तो एक. याउलट हात निवांत असताना कापतो आणि कामाला लावला की कमी होतो, तो दुसरा. त्याबरोबर चाल मंदावली, चेहरा निर्विकार झाला, अक्षर बारीक झाले तर कंपवाताची तपासणी करून घ्यावी. दम्याचा पंप, थायरॉइडचा दोष, दिवसाला सहा-सात कप चहा, यांनीही हात कापतो. कंप नव्याने सुरू झाला असेल तर त्याला आधी डॉक्टरांकडे न्यावे, मग टेबलावर. कंप असूनही खेळता येते. मूठ आवळली की तो वाढतो, म्हणून सैल पकड येथे दुप्पट महत्त्वाची. ब्रिजचा तळवा पूर्ण टेकलेला असावा आणि झोका आखूड असावा. काहींना किंचित जड क्यू सोयीचा पडतो, तो हाताळून पाहावा.

येथे एका औषधाचा उल्लेख करणे भाग आहे. रक्तदाब, हृदयविकार आणि कंप यांसाठी दिली जाणारी ‘बीटा ब्लॉकर’ गटातील औषधे हाताची थरथर व छातीची धडधड कमी करतात. म्हणूनच अधिकृत स्पर्धांच्या काळात बिलियर्ड्स, स्नूकर व पूल खेळाडूंना ती निषिद्ध आहेत. यावरून दोन चुकीचे निष्कर्ष निघू शकतात. एक, नेम सुधारावा म्हणून मित्राची गोळी घेऊन पाहावी. दमेकऱ्याच्या किंवा मंद नाडीच्या माणसाच्या जिवावर ती बेतू शकते. दुसरा, आपण घेत असलेली गोळी खेळासाठी बंद करावी. ती एकाएकी बंद केल्याने हृदयावर ताण येतो. क्लबच्या मैत्रीच्या सामन्यात कुणी तपासणी करीत नाही. अधिकृत ज्येष्ठ गटात उतरावयाचे असेल तर नाव देण्यापूर्वी आयोजकांना आणि आपल्या डॉक्टरांना विचारावे.

सोबत जाणाऱ्यांसाठी

मुलांनी, सुनांनी, मदतनीसांनी क्लबची जागा आधी एकदा पाहून यावी. धूर होत असेल तर दुसरी जागा शोधावी. पायऱ्यांना कठडा आहे का, स्वच्छतागृह जवळ आहे का, टेबलाभोवती गालिच्याची दुमडलेली कड तर नाही ना, हे पाहावे. पाठीला टेकण असलेली एक खुर्ची टेबलाजवळ मागून घ्यावी. ती उंच असली तर उठणे सोपे जाते. जोडीजोडीने खेळले तर दोन पाळ्यांमध्ये बसायला मिळते. सकाळी किंवा दुपारी टेबले रिकामी असतात, गलबला नसतो आणि कमी ऐकू येणाऱ्यांना बोलणे समजते.

चेंडू लावून देणाऱ्या, गुण मोजणाऱ्या मार्करशी ओळख करून घ्यावी. वर्षानुवर्षे त्या दिव्याखाली उभा असलेला हा माणूस क्लबातील कुणाही खेळाडूपेक्षा अधिक डाव पाहून असतो. आपल्या वडिलांचा नेम केव्हापासून आणि कोणत्या बाजूला जाऊ लागला, हे तो आपल्याला नेमके सांगू शकतो. ही माहिती लिहून माझ्यासारख्या डॉक्टरसमोर ठेवली, तर आमचे काम सोपे होते.

स्मृतिभ्रंश हा खेळ खेळल्याने टळतो, असे आश्वासन मी देणार नाही. परंतु स्मरणशक्ती मंदावलेल्या माणसाला जुनी, हातात मुरलेली कृती पुष्कळ काळ करता येते, हे आम्ही नेहमी पाहतो. अशा वेळी नियम, गुण आणि पाळी बाजूला ठेवावी. सहा चेंडू पॉकेटांच्या जवळ मांडून द्यावेत आणि त्यांना एकेक घालवू द्यावा. ‘बाबा, तो नाही, हा’ असे पाठीमागून सांगत राहू नये. चेंडू संपले की पुन्हा मांडावेत. दमल्याची खूण दिसली, म्हणजे क्यू टेबलावर टेकवून ते इकडेतिकडे पाहू लागले, की चहा मागवावा आणि त्या दिवशीचा खेळ तिथे थांबवावा. जाण्याचे दिवस व वेळ ठरलेली असावी, मंगळवार आणि शुक्रवार म्हटले तर मंगळवार आणि शुक्रवारच, आणि दोन्ही दिवशी खेळाचा चष्मा पिशवीत आहे याची खात्री निघण्यापूर्वी आपणच करून घ्यावी.